मनसारामच्या खात्यावर

"मनसारामच्या खात्यावर लिही." एवढं म्हटलं की आमच्या गावात कुणालाही शेटच्या दुकानातून बिडी, सुपारी, गूळ मिळायचा. मनसाराम म्हणजे माझा नवरा. खातं म्हणायला दोघांचं. धान निघालं की शेटच्या अंगणात पोती नेऊन ते फेडायचं मी, आणि उधळायचं त्यांनी. कुणी "मनसारामभाऊ" म्हणत जवळ बसला की यांचा ऊर भरून यायचा. "घे ना बा, माह्या खात्यावर घे." सांगून सांगून माझी जीभ झिजली. माझ्यासमोर हो म्हणायचे आणि पाठ फिरली की पुन्हा तेच.

त्या साली मात्र माझ्या जिवाला घोर लागला होता. मालगुजाराची जमीनदारी गेली आणि गावचा तलाव आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीकडे आला. पंचांनी ठरवलं, ज्या घरचं जाळं पाण्यात पडेल त्याच घराला माशांचा वाटा. आमचं जाळं उंदरांनी मधोमध कुरतडलेलं. सोमवारी सगळे तलावात उतरणार होते. तोवर सूत आणून भोकं भरली नाहीत, तर आम्हाला दुसऱ्यांची जाळी ओढत मजुरी करावी लागणार होती. आमच्याच तलावात!

मी दुकानात गेले तर शेट वडशाला गेलेले. गादीवर त्यांचा मेहुणा पोचू. नुकताच सिरोंच्याकडून आलेला, गावात कुणाला ओळखत नव्हता.

"कोणाच्या खात्यावर लिहू, बाई?"

आली का पंचाईत! आमच्यात तेव्हा बायको नवऱ्याचं नाव घेत नसे.

"आमच्या घरच्याइच्या," मी म्हटलं.

"घर कोनतं?"

"तलावाच्या पाळीजवळचं."

"तिथी तं लय घरं हायेत."

मागे सुकलू उभा होता, यांचा रोजचा सोबती. तो हसला. "अरे, मनसारामची बायको हाये ते. लिही. अन् माही बिडीबी त्याच्यावरच लिही."

पोचूने खातं पाहिलं आणि मान हलवली. "सूत नाई भेटत, बाई. खातं भरलं. बिडीपुरतं चालू ठेव म्हणाले भाऊजी." आणि माझ्यादेखत त्याने सुकलूच्या हातात बिडीचा कट्टा ठेवला.

माझं डोकंच फिरलं.

"मनसारामच्या खात्यावर," मी ओरडले, "आजपासून कोणालेच काई देऊ नोको! या सुकलूले नाई, अन् खुद्द मनसारामले बी नाई!"

नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं होतं, तेही दोनदा. पण बोललेलं परत कसं घ्यायचं?

पोचू चाचरत म्हणाला, "खातं त्याहिच्या नावानं हाये. तेच बंद करतीन."

तेवढ्यात आतून शेटची बायको, अन्नपूर्णाबाई, बाहेर आली. "पोचू, दरसाल धान कोण आणून टाकते आपल्या अंगणात? हे भागीरथाच ना? दे तिले सूत. नवीन खातं काढ, तिच्याच नावानं."

मी सूत पदरात बांधलं आणि घरी आले. संध्याकाळी हे आले ते फणफणतच.

"तुनं माहं नाव घेतलं? भर दुकानात?"

जाळ्याचं विचारलं नाही, वाट्याचं विचारलं नाही, सूत कुठून आणलं तेही नाही. बस, एवढंच.

"सारं गाव तुमचं नाव घेऊन खाते, तवा गोड लागते," मी म्हटलं. "म्या एकडाव घेतलं तं आभाळ कोसळलं?" म्हणता म्हणता मला रडूच आलं. हे ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात जाळं सांधत बसले होते. अन्नपूर्णाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिला हसू आवरत नव्हतं.

"तुहे मालक आले दुकानात. संग तिघं जण. चौघाइले बिडी मांगून राह्यले. भागीरथाच्या खात्यावर लिही म्हणतेत."

"माहं नाव घेतलं?"

"घेतलं ना! चांगलं खणखणीत. जरा बी अडकले नाईत."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

"त्याहिले एक कट्टा द्या, बाई," मी म्हटलं. "अन् बाकीच्या तिघाइले सांगा, आपापल्या बायकोचं नाव घ्या."