विनुताच्या पाठीशी

आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाने विनुताला फिजिओथेरपिस्टची जागा देऊ केली, तेव्हा 'जा' असं सगळ्यांत आधी म्हणाला तो तिचा नवरा श्रीकर. तंजावूरच्या एका खासगी दवाखान्यात ती लग्नाआधीपासून म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे वळवत होती आणि आता तिथे नवं शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू पुढे हो," श्रीकर म्हणाला. "वर्षभराने आपल्या नंदिताला घेऊन मी येतोच. माझ्या आईचंही बघू." तिच्याबरोबरच्या एकीला तर त्रिचीला बदली घ्यायलाही घरच्यांनी सोडलं नव्हतं. त्या दिवशी विनुताला आपल्या नशिबाचं कौतुक वाटलं.

मग एकेक जण शंका घेऊन यायला लागला. पहिले आले सीतारामराव, तिचे मामा. तिच्या वडिलांच्या मागे त्यांचाच काय तो तिला आधार होता. "इथली पदवी तिथे चालत नाही म्हणतात. फिजिओ म्हणून नेतील आणि म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला लावतील," ते म्हणाले. विनुताने त्यांना शांतपणे समजावलं की तिथली नोंदणी कधीच झालीय, त्याशिवाय बोलावतच नाहीत. मामांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

संध्याकाळी श्रीकर कचेरीतून आला. कॉफीचा टंबलर हातात घेऊन त्याने विचारलं, "मामा काय म्हणाले? आणि तू काय सांगितलंस?" तिने सगळं सांगितलं. तो हसला. "बरं सांगितलंस. लोक बोलणारच."

त्यानंतर शेजारची भुवना आली. वाटीत लिंबाचं लोणचं आणलं होतं, पण बसली ती बोलायलाच. "नोंदणीचं ठीक आहे गं. पण नंदिता वयात येतेय. अशा वेळी पोरीला आई लागते." विनुता म्हणाली, घरात सासूबाई आहेत, नंदिताचं त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त जमतं. हेही तिने संध्याकाळी श्रीकरला सांगितलं. आठवडा गेला नाही तोच मामांचा पुन्हा फोन. तिच्या सासूबाईंना, चंद्रमतीबाईंना, अलीकडे चक्कर येते म्हणे, पोरीला त्या सांभाळणार की पोर त्यांना?

सासूबाईंना एकदाच चक्कर आली होती, तीही उपासाच्या दिवशी. मामांना हे कुठून कळलं असेल, असं विनुताच्या मनात आलं. पण नात्यागोत्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

जायच्या आधी मोठ्यांच्या पाया पडून यावं म्हणून ती एका सकाळी बसने पापनाशमला गेली. श्रीकरची आत्या कृष्णवेणी तिथे राहायची. स्पष्ट बोलणारी, पण मायेची बाई. आत्या ओसरीवर सांबारासाठी छोटे कांदे सोलत बसली होती. विनुताही सुरी घेऊन शेजारी बसली. कांद्याने दोघींचे डोळे पाणावले होते आणि त्यातच आत्याने विचारलं,

"तिथे तुला ते पुन्हा झालं तर, विनू? कोण आहे तिथे तुझं?"

"काय पुन्हा झालं तर, आत्या?"

"नंदिताच्या वेळचं. भिंतीकडे तोंड करून पडायचीस म्हणे. पोरीला घेत नव्हतीस."

विनुताचा हात थांबला. बाळंतपण माहेरी झालं होतं. ते दिवस फक्त तिच्या आईने पाहिले होते आणि आई आता नव्हती. सासरी सगळ्यांना कावीळ म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते ती एकाच माणसाजवळ बोलली होती. मागच्या वर्षी तिरुवैयारूला, कावेरीच्या घाटावर, श्रीकरचा हात धरून. एकटी पडले तर ते परत येईल अशी भीती वाटते, हेही.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "श्रीकरने. मागच्या आठवड्यात येऊन गेला. मी बोललो तर तिला लागेल, तू बोल म्हणाला."

"आणि मामांना? भुवनाला?"

"अस्क्यांना, सगळ्यांनाच, तोच सांगतोय की, तिला अडवा म्हणून." आत्याने सूप बाजूला सारलं. "मला वाटलं, नवरा-बायकोचं आधीच बोलणं झालं असेल. तुला ठाऊक नव्हतं का?"

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. रोज संध्याकाळची कॉफी आठवत होती. काय म्हणाले, तू काय सांगितलंस. ती विश्वासाने उत्तर सांगायची आणि त्या उत्तरात जिथे उणं असेल, नेमकी तिथूनच पुढची शंका यायची. लोकांना ती हसायची तेव्हा तोही तिच्याबरोबर हसायचा.

श्रीकर घरी आला तेव्हा नंदिता शिकवणीला गेली होती, सासूबाई देवळात. विनुताने कॉफी केली नव्हती.

"तुम्हाला मी जायला नको आहे?" तिने विचारलं.

"असं कोण म्हणालं?"

"आत्या."

तो खुर्चीत बसला. बुटांच्या लेस सोडू लागला. "मी नको म्हटलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. नवऱ्याने जाऊ दिलं नाही म्हणून. तुझं तुलाच पटलं असतं तर कुणालाच वाईटपणा नव्हता."

"म्हणून माझं दुखणं लोकांना सांगत फिरलात?"

"लोकांना नाही. आत्या काय परकी आहे?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं. आत्याला नाही."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते, विनू. तू तिथे रमशील. मला तिथे कोण नोकरी देणार? मी तुझ्या मागे मागे फिरायचं?"

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी कदाचित थांबले असते." बोलताना तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे.

"मग आता थांब."

"आता नाही," विनुता म्हणाली.

त्यानंतर शंका घेऊन कोणीच आलं नाही. नळ बंद करावा तसे सगळे एकाएकी गप्प झाले. मामा प्रकृती विचारून फोन ठेवायचे. भुवना जिन्यात भेटली की घाईत असायची. आपल्याआधी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, ही गोष्ट विनुताला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त डाचत होती.

निघायच्या दिवशी मंडळी जमली. मामा आले, पापनाशमहून आत्या आली, भुवनाने वाटेत खायला मुरुक्कूचा डबा आणला. त्रिचीच्या विमानतळाकडे जायची गाडी दारात उभी होती. गाडीवाल्याने सहज विचारलं, एकट्याच चाललात का, साहेबांची हरकत नाही ना? श्रीकर नंदिताच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मोकळं हसत म्हणाला, "पहिल्यापासून मीच हिच्या पाठीशी आहे. सगळे नको म्हणत होते, मीच म्हटलं, जा."

मामा चष्मा पुसू लागले. आत्याने तोंड फिरवलं. नंदिता मात्र वर मान करून बापाकडे अभिमानाने बघत होती.

विनुताने लेकीचा तो चेहरा पाहिला. ओठांवर आलेलं तिने गिळलं, सासूबाईंच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. श्रीकर पुढच्या दाराशी आला तेव्हा तिने काच खाली केली.

"तुम्ही विमानतळावर येऊ नका," ती म्हणाली. "नंदिताला पाठवा माझ्याबरोबर, आणि आत्याला."