पाकिटामागची बारीक अक्षरं

मिहिरभाईंची जिरवायची, हे मी एप्रिलातच ठरवलं होतं. कशी, ते मार्शमॅलोने सुचवलं.

मुलुंडला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी मी मुलांना गोळ्या-चॉकलेटांतून विज्ञान शिकवते. रंगीत गोळ्या बशीत गोल मांडायच्या, कोमट पाणी ओतायचं, की रंग मधोमध धावत येतात. साखरेच्या पाकात दोरा सोडायचा आणि आठवडाभर त्याला हात न लावता खडे वाढवायचे. मुलं खूश, आईबाप खूश. सोसायटीचे सेक्रेटरी मिहिरभाई तर सगळ्यांत खूश, कारण त्यांची आठ वर्षांची राधा कायम पहिल्या रांगेत.

त्याच इमारतीत एक घर भाड्याने निघालं. आम्ही देवनारला राहतो. कचऱ्याच्या डंपिंगचा धूर खिडक्या लावल्या तरी घरात येतो आणि आईचा दमा काही केल्या हटत नाही. जागा बदला, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. घरमालक तयार झाला, फक्त सेक्रेटरीची सही हवी होती. मी आईला घेऊनच मिहिरभाईंच्या दारात गेले.

"चेतनाताई, तुम्ही शिकवता एकदम झकास," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "पण तुमच्यात मटण-मच्छी चालतं ना? तसलं खाणाऱ्यांना आम्ही इथे घर देत नाही. कमिटी नाही ऐकणार."

कमिटी म्हणजे हेच. राधा त्यांच्या मागे उभी राहून सगळं ऐकत होती. जिना उतरताना आई तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा म्हणाली, जाऊ दे गं. मी जाऊ दिलं नाही.

मे महिन्यात पालकांसमोर एक खास वर्ग ठेवला. राधाला म्हटलं, तुझे मार्शमॅलो आण. तिचे काका परदेशातून पाकिटं पाठवायचे आणि तिच्या डब्यात ते नेहमी असायचे. बाकीच्या मुलांसाठी हिरव्या ठिपक्याचे मीच आणले होते. राधाचं पाकीट मी कधीच वाचून ठेवलं होतं. बोलले नव्हते, कारण दुसऱ्याच्या ताटात डोकवायची मला सवय नाही. ती मिहिरभाईंना आहे.

मोठ्या सिरिंजमध्ये एक मार्शमॅलो घातला, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढला. मार्शमॅलो टम्म फुगला. टाळ्या पडल्या.

"फुगला, पण फुटला नाही. म्हणजे हवा धरून ठेवणारं त्यात काहीतरी आहे. राधा, तुझ्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाच बघू."

राधाने ऐटीत माइक घेतला आणि वाचलं. साखर, ग्लुकोज, जिलेटिन.

"शाब्बास. जिलेटिन कशाचं करतात? जनावरांची हाडं आणि कातडी उकळून." मग मी पालकांकडे वळले. "या पाकिटावर हिरवा ठिपका नाहीये. किती वर्षं येतंय हो हे तुमच्या घरी, मिहिरभाई?"

मिहिरभाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात राधा रडायला लागली. मला वाटलं, पोरीला किळस आली.

"पप्पा, मी खाल्लं ना ते," ती हुंदके देत म्हणाली. माइक अजून तिच्याच हातात होता. "मग आता आपल्याला पण इथे घर नाही देणार?"

तिला पोटाशी धरावंसं वाटलं मला. तिचं काय चुकलं होतं? 'देतील गं' एवढं तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. उत्तर तिच्या बापाने द्यायचं होतं, आणि मला ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. मी तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि मिहिरभाईंपुढे धरला.