का-तांगच्या झाडाखाली ठेवलेल्या चिमण्या

घार उताणी पडली होती. दोन्ही पाय पोटाशी, नख्या आत वळून मुठी घट्ट आवळलेल्या. अंगावर जखम नाही, रक्त नाही, एक पीस वाकडं नाही. मला आधी वाटलं, झोपलीय. घारी जमिनीवर अशा झोपत नाहीत, हे कळायला मला वेळच लागला.

तिच्यापासून हातभर अंतरावर पिल्लू होतं. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं निम्मं घरटं खाली आलं होतं. काटक्या, एक निळी दोरी, कुणाचा तरी हातमोजा, आणि त्यात हे. अंगावर पिसं फुटत होती, मधे मधे कापसासारखी लव. मला बघून त्यानं घाबरायला हवं होतं. त्यानं चोच उघडली. पाठीशी बांधलेली माझी आन-आनही नेमकी तेव्हाच भुकेनं कुरकुरली, आणि मला पान्हा फुटला. दोघांतल्या कुणासाठी, देव जाणे.

जखमी पक्ष्यांच्या केंद्राचा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. फोन पेइ-शान नावाच्या मुलीनं उचलला.

"मेलेल्या घारीला हात लावलास का, ताई?"

"उताणी होती, सरळ केली."

"नुसत्या हातानं? आणि रडतंय कोण?"

"माझी मुलगी. पाठीशी आहे."

"आधी हात धू. साबणानं. तोवर बाळाला शिवू नकोस. पाय असे आवळलेत म्हणजे विष असणार. आसपास मेलेले लहान पक्षी दिसतायत का?"

"हो, आ-पांच्या चिमण्या आहेत की इथे."

"कुणाच्या चिमण्या?"

ही छत्री कुणाची म्हणून विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या सहज मी ते बोलून गेले होते.

आ-पा म्हणजे माझे सासरे. भाताच्या दाण्यात दूध भरायला लागलं की चिमण्यांची धाड पडते. शेताच्या मध्ये उंच बांबूला प्लास्टिकची घार बांधतात, तिला चिमण्या चार दिवस घाबरतात, पाचव्या दिवशी तिच्याच डोक्यावर बसतात. मग बांधाकडेनं औषध लावलेला तांदूळ टाकायचा. गावात बरेच जण टाकतात. टाकतात आणि पाठ फिरवतात. आ-पा तसे नाहीत. ते सकाळी जाऊन एकेक चिमणी चिखलातून उचलतात, केळीच्या पानावर ओळीनं मांडतात, आणि भूमीदेवाच्या देवळीमागे, का-तांगच्या जुन्या झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवतात. उदबत्ती लावतात. "पोटासाठी तुमचा जीव घेतला. देवा, आता तूच सांभाळ यांना." लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. किती जीव लावणारा माणूस सासरा म्हणून मिळाला, असं मी माहेरी सांगितलं होतं.

घारींचं घरटं त्याच झाडावर.

मी वळून पानाकडे पाहिलं. काल संध्याकाळी दिवा लावायला आले तेव्हा ते भरलेलं होतं. आज त्यावर दोनच चिमण्या होत्या.

"ताई? ऐकतेयस ना?" पेइ-शान विचारत होती. "वर अजून पिल्लू आहे का बघ."

फांद्यांत घरट्याचा उरलेला तुकडा लोंबत होता आणि त्यातून एक डोकं खाली बघत होतं.

"मग आता नीट ऐक. नर जिवंत असेल तर तोही तिथलंच काहीतरी उचलून आणेल आणि त्याला भरवेल. मी शिडीची गाडी घेऊन निघते. तोवर त्या वरच्या पिल्लाच्या तोंडात काही जाऊ देऊ नकोस. काहीही."

देवळीजवळच्या नळावर मी हात धुतले, पुन्हा धुतले, आन-आन रडून लाल झाली तरी धुतच राहिले. मग पिल्लाला टोपलीत घालून घराकडे पळाले.

आ-पा अंगणात बसून मुळ्याच्या लोणच्याशी पेज खात होते. सासूबाई, आ-बू, कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"ही कोंबडीचोर घरात कशाला आणलीस?" आ-बू ओरडल्या. "तुझं एक पिल्लू सांभाळून माझी कंबर गेलीय, तेवढं पुरे नाही का?"

"आ-बू, याची आई मेली. विषानं."

"बरं झालं, मेली ती..." त्या बोलायला लागल्या, आणि पिल्लानं त्यांच्याकडे बघून चोच उघडली तसं वाक्य तिथेच राहिलं.

"कसलं विष?" आ-पांनी विचारलं.

सुनेनं हे कसं सांगायचं? मी जमिनीकडे बघत म्हटलं, "आ-पा, झाडाखालच्या चिमण्या घारींनी खाल्ल्या."

"त्या कशा खातील? त्या देवाला दिलेल्या."

मी टोपली त्यांच्यापुढे टेकवली.

त्यांनी वाडगा खाली ठेवला. मग हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "घार मेलेलंच खाते. रस्त्यावरचा मेलेला उंदीर तीच उचलते. बाजारामागची आतडी तीच नेते, म्हणून तर उन्हाळ्यात तिथे नाक धरावं लागत नाही. हे मला माहीत आहे, सिऊ-चिन. लहानपणापासून माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मग मी तिथे काय ठेवत होतो?"

"म्हाताऱ्या, बसलास काय!" आ-बूंनी दाण्यांची परात भिरकावली. "वर अजून एक पिल्लू असेल ना! सिऊ-चिन, आहे का?"

"आहे. आणि नर त्याला भरवायला येईल."

आम्ही झाडाखाली पोचलो. आ-पांनी हातमोजे घालून पानासकट दोन्ही चिमण्या बादलीत टाकल्या आणि बांधाकडे धावले, तिथल्या उचलायला. ते शेतापर्यंत पोचायच्या आतच नर आला. पायात तपकिरी काहीतरी घट्ट धरलेलं. शेताच्याच बाजूनं आला होता.

वरच्या पिल्लानं बापाला पाहिलं आणि किंचाळायला सुरुवात केली.

आ-बूंनी निघताना चुलीवरची कढई आणि झारा उचलला होता. का, ते मला आत्ता कळलं. आकाशात घार दिसली की त्या नेहमी कोंबड्यांसाठी कढई बडवायच्या. तशाच आता बडवायला लागल्या. "जा! जा मेल्या! जा इथून!" नर वळला, गिरकी घेऊन परत आला. "नको भरवूस! अरे, नको रे बाळा, त्याला नको भरवूस!" शिवी कधी संपली आणि विनवणी कधी सुरू झाली, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मी बादलीचं झाकण घेऊन वाजवत होते. पाठीवर आन-आन किंचाळत होती, वर ते पिल्लू किंचाळत होतं. भुकेल्या लेकराच्या तोंडचा घास आम्ही दोघी भांडी बडवून हिसकावत होतो आणि थांबायची सोय नव्हती.

शेजारचा खिम-आ स्कूटर थांबवून हसला. "काय आ-बू, ग्रहण लागलंय का?"

"तुझ्या डोक्याला लागलंय! उतर, आणि वाजव काहीतरी!"

तो उतरला. स्कूटरचा भोंगा वाजवायला लागला.

शिडीची गाडी आली तेव्हा माझे दंड भरून आले होते. पेइ-शान अगदी पोरसवदा, डोक्यावर तिच्या मापाचं नसलेलं शिरस्त्राण. शिडी फांद्यांत शिरली. नर वर घिरट्या घेत राहिला, मग कंटाळून दूर गेला. फांद्यांतून तिचा आवाज आला, "मिळालं! जिवंत आहे! पोट रिकामं आहे!"

लेकराचं पोट रिकामं आहे हे ऐकून आयुष्यात प्रथमच मला रडावंसं नाही, नाचावंसं वाटलं. आ-बू कढई टाकून मटकन खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या. "माझ्या बापाच्यानं! घारीच्या पोरासाठी कढई फोडली मी!" खिम-आही हसला.

बांधावरून आ-पांनी विचारलं, "तो कुठे गेला?"

मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आमच्या शेताच्या मधोमध, त्या प्लास्टिकच्या घारीच्या बांबूवर, तो बसला होता. पोराला देऊ न दिलेला घास त्यानं पायाखाली धरला होता. पिसं उपटत होता. पिसं वाऱ्यानं आमच्याकडे येत होती.

त्या घासाचं त्यानं काय करायचं, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

आ-बूंनी झारा उचलला. पण तो कढईवर पडेना, हात तसाच वर. आ-पा मात्र शेतात घुसले होते. दूध भरलेलं भात, ज्याच्या कडेनं चालतानासुद्धा ते आम्हाला ओरडतात, ते मांड्यांनी फोडत, टोपी हलवत, सरळ मधून धावत होते. "टाक! टाकून दे ते! टाक रे!" नरानं मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. उरलेला तुकडा गिळला. आणि उडाला.

थोडासा वर गेला. मग पंख हलवायचे असतात हेच जणू विसरला.

आ-पा त्याला शर्टात धरून बाहेर आले. तो अजून जिवंत होता, पाय आवळत चालले होते. आ-पांनी त्याच्या मुठीत स्वतःची दोन बोटं घातली होती. नख्या रुतून हातमोजा फाटला होता, पण ते बोटं काढेनात. पेइ-शाननं सुई दिली.

"वाचेल?"

"लवकर सापडलाय, काका. सांगता येत नाही." तिनंच मग हलकेच त्यांची बोटं सोडवली.

दुपारी तिचा फोन आला. नर वाटेतच गेला. दोन्ही पिल्लं खातायत.

"काय खातायत?" आ-बूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"कोंबडीचे बारीक तुकडे, काकू."

"विकतची? विकतची नको देऊस. माझ्याकडच्या घेऊन जा. दर चार-पाच दिवसांनी माणूस पाठव, मी कापून ठेवते." फोन ठेवल्यावर त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? पोरीला पाज."

मी आन-आनला घेऊन दारात बसले. ती पीत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये, असं वाटत होतं.

समोर भातात आ-पांच्या धावण्याची वाट पडली होती. आडव्या झालेल्या लोंब्यांवर चिमण्या उतरल्या होत्या. कुणी हाकललं नाही.

आ-पा जेवले नाहीत. कुठे गेले म्हणून मी उठून पाहिलं तर ते कालव्याकडेच्या घरांपुढे होते. मोजकंच बोलणारा माणूस तो, लग्नकार्यातसुद्धा कोपऱ्यात बसणारा. एकेका दारात उभे राहत होते. लोक आत या, चहा घ्या म्हणत होते. ते आत जात नव्हते. उन्हात उभे राहून सगळ्यांना एकच सांगत होते.

"माझ्या चिमण्यांनी दोन घारी मारल्या. तुमच्या कुठे पडल्यात? दाखवा, मी उचलतो."