एकोणिसावा कप

आमच्या ताईची जीभ म्हणजेच आमचं दुकान. मी दळायचो, चाळायचो, पाकिटं भरायचो. पण कशात काय किती, हे ताई ठरवायची. घोटभर तोंडात फिरवून ती दहापैकी गुण द्यायची, आणि आठाच्या खालचं मिश्रण, मी कितीही कपाळ बडवलं तरी, मोरीत जायचं.

आम्ही झाडपाल्याचा चहा करतो. आलं, पुदिना, गवती चहा, लिंबाची वाळवलेली साल, लवंग. त्यातला एक खास कॅन्सरच्या रुग्णांसाठी. त्या पाकिटावर ताईने ठळक छापून घेतलं होतं की याने आजार बरा होत नाही, मळमळीला आराम पडला तर पडतो, औषधं बंद करू नका. दर नव्या मिश्रणाची यादी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवायची. त्यांनी ज्येष्ठमधावर लाल काट मारली तेव्हा माझा पारा चढला होता. ताई म्हणाली, "त्यांचं काम त्यांना करू दे. तू चाळण धू."

सहा वर्षं दर गुरुवारी आम्ही मोठा थर्मास घेऊन वॉर्डात जात होतो. सगळे म्हणायचे, छान. वर्षभर ये-जा करणारे एक म्हातारे शिंपीकाका तर कप हातात आला की मान तुकवायचे. आम्ही फुशारून घरी यायचो.

मग ताईच्याच घशात कॅन्सर निघाला.

रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात तिला त्याच वॉर्डात दाखल केलं. गुरुवारी मी थर्मास घेऊन गेलो आणि पहिला कप अर्थातच तिला दिला. बाकीच्यांना वाटून परत आलो, तेव्हा तिने एक घोट घेतला आणि तिचं तोंड असं वेडंवाकडं झालं की मी कप हिसकावूनच घेतला. आवाज फुटत नव्हता, म्हणून तिने उशाची पाटी ओढली. "आल्याने आग झाली. सगळ्यांनाच होत असणार."

"काहीतरीच," मी म्हटलं. "सगळे छान म्हणतात."

तिने शेजारच्या खाटेखाली बोट दाखवलं. शिंपीकाकांची बादली होती. तिच्या तळाशी, मी पाच मिनिटांपूर्वी दिलेला चहा होता, लिंबाच्या सालीच्या चुऱ्यासकट.

शिंपीकाका ओशाळले. "राग मानू नका," ते म्हणाले. "तोंड सोलवटलं की साधं पाणीसुद्धा लागतं हो. पण तुम्ही एवढ्या मायेने आणता, नको कसं म्हणायचं?"

म्हणजे सहा वर्षं वॉर्डातले बिचारे रुग्ण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते, आणि आम्ही त्याला शाबासकी समजत होतो. मला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो शिंपीकाकांवर आला, हे कबूल करतो. ताईने पाटी पुसली आणि लिहिलं, "जावे त्याच्या वंशा."

गाठ उपचारांना दाद देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गिळणं बंद होत चाललंय, आठ-दहा दिवसांत नाकातून नळी घालावी लागेल. त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही. ताईला सगळं कळत होतं. तिला आता एकच हवं होतं: सोलवटलेल्या तोंडाला चालेल असा एक कप करायचा, आणि नळी पडायच्या आत तो स्वतः पिऊन बघायचा.

गुण उलटे झाले. किती आग होते, ते ती बोटांवर दाखवायची. दहा बोटं म्हणजे जाळ. मिटलेली मूठ म्हणजे शून्य. दिवसाला दोन कप, घोट घोट, त्याहून जास्त तिला झेपायचं नाही. आलं गेलं, लिंबाची साल गेली, लवंग गेली. पुदिन्यासाठी मी भांडलो. तिने लिहिलं, "गारव्याचीही आग होते. तुला नाही कळणार." अठराव्या कपाला चार बोटं आली आणि ती हसली, आजारपणात पहिल्यांदा.

एकोणिसाव्याची कृती तिने पाटीवर नीट लिहून दिली. फक्त कॅमोमाइल, म्हणजे ती शेवंतीसारखी बारीक सुकी फुलं. चिमूटभर, दोनच मिनिटं, मग पूर्ण गार. डॉक्टरीणबाईंनी यादीवर सही केली. सकाळी दुकानात मी ते केलं आणि चाखलं. भांडी विसळलेलं पाणी. वीस वर्षं या धंद्यात घालवून मी बहिणीला शेवटी हे पाजू? मी पुदिन्याची चिमूट टाकली. आता चव आली, असं मला वाटलं. ताईला मी काही सांगितलं नाही.

तिने घोट घेतला. नऊ बोटं. डोळे पुसून ती भिंतीकडे वळली आणि तशीच पडून तिने लिहिलं, "असा कप होतच नाही. सोडून दे."

दुसऱ्या दिवशी नळी घातली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिची वाचा गेली होती, माझी शाबूत होती, तरी माझीच जीभ उचलली नाही. रोज जायचो, तिचे पाय चेपायचो, हवापाण्याच्या गोष्टी करायचो. ती ऐकायची नाही. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी गुरुवार होता. मी एकोणिसावा कप तिच्या पाटीबरहुकूम केला आणि शिंपीकाकांना दिला. "छान म्हणू नका," मी बजावलं. "आग किती होते, बोटं दाखवा."

त्यांनी भीत भीत ओठ लावले. थांबले. मग दुसरा घोट, तिसरा. दोन बोटं दाखवली आणि रिकामा कप पुढे केला. "अजून आहे?"

मी वाकून बादली पाहिली. कोरडी होती.

ताई मॉर्फिनच्या गुंगीत होती. मी हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले. "एकोणिसावा कप," मी म्हटलं. "शिंपीकाकांनी दोन बोटं दाखवली."

तिच्या कपाळाला आठी पडली. पाटी मीच धरली. तिने लिहिलं, "माझे नऊ?"

"तुझ्या कपात मी पुदिना टाकला होता, ताई."

तिने खडू पाटीवर टेकवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग खडू घसरत घसरत तिने लिहिलं, "म्हणजे माझं बरोबर होतं."

नऊ दिवस ती आपलंच चुकलं असं समजून पडली होती, आणि चूक माझी होती.

तिने ओठांवर बोट ठेवलं. सिस्टरने तोंड पुसायची स्पंजची काडी दिली. मी ती चहात बुडवली, निथळली, आणि तिच्या ओठांवरून, हिरड्यांवरून हलकेच फिरवली. चादरीवरच्या तिच्या हाताची बोटं एकेक करून मिटली.

शून्य म्हणजे मिटलेली मूठ, हे आमचं ठरलेलं होतं. दुखायला लागलं की ती मूठ आवळायची, हेही मला ठाऊक होतं. शिंपीकाकांना छान म्हणू नका असं बजावणारा मी, तिला काहीच विचारलं नाही.