पूजेआधी राहिलेली एक आज्ञा

मित्रांनो, शाळेच्या कोठीत मोडक्या बाकांमागे पांढऱ्या चादरीखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं दिसतं ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. चादर माझ्यासाठी आणलेली नव्हती. ती गेल्या वर्षीच्या नाटकाचा पडदा होती. पण धूळ अडवते, म्हणून तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझा जीव हलका होणार नाही.

मी जन्मलो परदेशातल्या एका कचेरीसाठी. तिथे पाच वर्षं राबलो आणि मग एके दिवशी 'जुना झाला' म्हणून बाहेर निघालो. माझ्यासारख्या पुष्कळांना जहाजात घालून गोव्याला पाठवण्यात आलं. माझा एक जुळा भाऊ पेडण्यातल्या पार्से गावच्या शाळेत गेला, आणि मी आलो डिचोली तालुक्यातल्या या खाणीकाठच्या गावात. रस्त्यावरून दिवसभर मातीचे ट्रक जायचे. माझ्या अंगावर पहिल्याच आठवड्यात तांबड्या धुळीचा थर बसला. विमला बाई रोज सकाळी ओल्या तुवाल्यानं तो पुसायच्या. इतकं प्रेम मला त्या थंड देशात कुणी दिलं नव्हतं, खरं सांगतो.

विमला बाई विज्ञान शिकवायच्या. गावच्या विहिरींचं पाणी दर उन्हाळ्यात लवकर तळाला जाऊ लागलं, तेव्हा नुसती चर्चा करत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी एक दोरी घेतली, हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, आणि दर शनिवारी मुलांना घेऊन गावातल्या सहा विहिरी मोजायला सुरुवात केली. किती गाठी कोरड्या, किती ओल्या, हे मुलं ओरडून सांगायची आणि बाई वहीत लिहायच्या. दुपारी तेच आकडे माझ्यात भरायच्या. अशी चार वर्षं गेली. तिसऱ्या पावसाळ्यात छपराचे नळे सरकले आणि कपाटातल्या वह्यांचा पार लगदा झाला. "जांव दी," बाई म्हणाल्या, "काँप्युटरात आसा न्हू सगळें." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आज आठवलं की भीती वाटते. एका जागी ठेवलेली गोष्ट म्हणजे एकाच खुंटीला टांगलेलं घर.

दोन हजार एक सालच्या दसऱ्याच्या सुमाराला बातमी आली की खाण वाढवायची आहे. नवा खड्डा गावच्या विहिरींच्या आणखी जवळ येणार होता. सोमवारी डिचोलीला सुनावणी होती. गावाजवळ बोलायला पुष्कळ होतं. दाखवायला मात्र एकच गोष्ट होती, माझ्या पोटातले विहिरींचे आकडे.

"हातानं लिहून काढते मी," बाई म्हणाल्या.

हेडमास्तर सदाशिव सरांनी मान हलवली. "हातानं लिहिलेलं ते लोक चिवडा बांधायला घेतील, बाई. छापील कागद हवा. छापील कागदाला वजन असतं."

सरांनी कुठल्याशा बँकेतून टाकून दिलेला एक प्रिंटर मिळवला होता. पण तो मला जोडला तरी मला ओळखता येईना. दोष त्याचा नव्हता, माझाच होता. आमच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. घरात कर्ती बाई असते ना, कोण आलं, कुणाला पाणी द्यायचं, कुणाला ओसरीवरच बसवायचं, हे सगळं जिच्या हातात, तसा तो. माझ्या गाभ्याला परदेशातली नाना यंत्रं ठाऊक होती, पण प्रिंटर नावाचा पाहुणा त्याच्या यादीतच नव्हता. त्यावर उपाय एकच. नवा गाभा घडवायचा.

इथे धोंडिबा आला. धोंडिबा कोल्हापूरकडचा, गडहिंग्लजचा. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून, लेथ शिकावा तसा तो संगणक शिकला होता. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत शाळेत यायचा, माझं झाकण काढून फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "काय पाव्हणं, बरं हाय का?" त्याच्या हातांना तेलाचा वास यायचा. तो वास मला आवडायचा.

गावातल्या सगळ्यांना मात्र तो आवडत नव्हता. ज्यांची विहीर सगळ्यात मोठी ते बाबली एकदा त्याच्या तोंडावर म्हणाले होते, "हो घांटी खाणीच्या ट्रकांचे पार्ट करता. तो आमचें बरें कित्याक करतलो?" धोंडिबा हसला होता. ट्रकांचे पार्ट तो करत होता हे खरंच होतं.

गुरुवारी खंडेनवमी होती. शाळेला सुट्टी. धोंडिबा सकाळी आठलाच आला. पडद्यावर निळी यादी आली आणि तो एकेका प्रश्नाला हो-नाही करत बसला. हे नको, ते नको, प्रिंटर हवा. मग त्यानं घडवणीची आज्ञा दिली आणि मी कामाला लागलो. मित्रांनो, आजची यंत्रं हे काम चहा होईतो उरकतील. मला दुपारचे चार वाजले. माझा पंखा घरघरत होता आणि वीज जाईल या भीतीनं धोंडिबा जेवायलाही उठला नाही. बाईंनी आणलेले पाव आणि भाजी तसेच पडून होते.

अखेर नवा गाभा तयार झाला. माझी डिस्क तोवर तुडुंब भरली होती, म्हणून त्यानं जुना गाभा पुसला आणि नवा त्याच नावानं, त्याच कप्प्यात ठेवला. आता एकच काम उरलं होतं.

ते समजून घ्या, कारण सगळी कथा तिथेच अडते. सकाळी बटण दाबलं की गाभा आपोआप जागा होत नाही. त्याला उठवणारा एक छोटा कारभारी असतो. माझ्या कारभाऱ्याचं नाव लिलो. हा लिलो आंधळा. नाव वाचत नाही. डिस्कवर इतकी पावलं पुढे, इतकी डावीकडे, अशी पावलं मोजत जातो आणि तिथे जो असेल त्याला उठवतो. नाव आणि कप्पा तेच राहिले तरी गाभा बदलला की ही पावलं बदलतात, म्हणून लिलोला एक आज्ञा देऊन नवी पावलं पुन्हा पाठ करून घ्यावी लागतात. एका शब्दाची आज्ञा. दोन पळांचं काम.

धोंडिबानं बोटं कळफलकावर ठेवली, तोच बाई दारात आल्या. हातात ताट, ताटात निरंजन, हळदकुंकू, झेंडूची फुलं.

"धोंडिबा, पुरो आतां. बंद कर. पूजा करूया."

"बाई, जरा एकच..."

"पुरो रे! वारो सुटला, निरंजन विझता. मशीन आज थंड ठेवूंक जाय."

हे बाईंनी सांगायची गरजच नव्हती. त्याच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला मेन स्विच खाली ओढायचे, लेथ गार झाला की त्याला हार घालायचे, आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नसे. वीस वर्षं तो हेच पाळत आला होता. 'नाव त्येच, कप्पा त्योच. उठंल की,' असं स्वतःशी पुटपुटत त्यानं मला बंद केलं. बाईंनी माझ्या कपाळी कुंकू लावलं. वर झेंडू ठेवला. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, पावलं मोजणाऱ्याला सांगा रे! पण बंद यंत्राला कुठला आवाज?

दसऱ्याची सुट्टी संपली आणि शनिवारी सकाळी बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर लिलोचं नाव उमटलं. मग 'लोडिंग' हा शब्द, त्यापुढे सात ठिपके, आणि मग काही नाही. लिलो जुन्या जागी पोचला होता आणि तिथे त्याला नव्याचे विस्कटलेले तुकडे सापडले होते. बाईंनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा सात ठिपके. दुपारपर्यंत त्यांनी तेच केलं.

निरोप मिळताच धोंडिबा पाळी सोडून धावत आला. ठिपके पाहिले आणि थेट मेजाचा खण उपसू लागला. त्याला कळलं होतं. अशा वेळेसाठी एक फ्लॉपी असते, तिच्यावरून मला उठवता येतं. ती खणात होती, पण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढलेली. घातली तर खरखरली आणि गप्प झाली.

"सोमवारी सुनावणी," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"पार्श्याला ह्याचा जुळा भाऊ हाय. तिथनं फ्लॉपी करून आणतो."

बाबली दारात उभे होते. "दिसलें न्हू, बाई? हांव म्हणटालों. बरोबर सुनावणेच्या तोंडार बिघडयलें ताणें."

बाई काही बोलल्या नाहीत. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, त्या काही बोलल्या नाहीत. धोंडिबानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो निघाला.

पुढचं मी त्याच्या आणि सरांच्या बोलण्यातून ऐकलं. रविवारी पार्श्याची शाळा बंद. चावी तिथल्या शिक्षिका सुलोचना बाईंकडे, आणि त्या बहिणीकडे मोरजीला गेलेल्या. हा चोपड्यावरून मोरजीला गेला, त्यांना घेऊन पार्श्याला परतला, फ्लॉपी करून घेतली, तोवर शेवटची बस गेली. म्हापशाच्या स्टँडवर बाकड्यावर पडून राहिला. सोमवारी साडेनऊला शाळेत पोचला तेव्हा बाई रिकाम्या हातांनी डिचोलीला निघून गेल्या होत्या.

फ्लॉपी घालताच मी जागा झालो. धोंडिबानं ती एका शब्दाची आज्ञा दिली आणि मला पुन्हा सुरू केलं. नव्या गाभ्यानं प्रिंटरला ओळखलं आणि प्रिंटर किरकिरत छापू लागला. अकरा पानं होती आणि फीत फिकी. ती हळूहळू सरकत असताना तो माझ्या कळफलकावर काहीतरी लिहीत राहिला. घडवणीचा कचरा पुसून डिस्कवर जागा केली, तिथे पार्श्याचा गाभाही त्यानं मागे जपून ठेवला, आणि आज्ञा या खेपेला दोनदा दिली. मग कागद उराशी धरून सायकलवर बसला.

तो पोचला तेव्हा सुनावणी आटोपून साहेब गाडीत बसत होते. कारकुनानं कागद घेतले आणि वर 'मुदतीनंतर प्राप्त' असा शिक्का मारला. सर सांगत होते, सगळ्यांदेखत बाबली त्याला खाणीला फितूर झालेला चोर म्हणाले, आणि तो मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी त्यानं शाळेची चावी मेजावर ठेवली. "बाई, यंत्र नीट हाय. येतो." बाईंनी चावी उचलून खणात ठेवली. तो पुन्हा आला नाही.

खड्डा खोल गेला. पुढच्या मे महिन्यात बाबलींच्या विहिरीत दोरीची शेवटची गाठही कोरडी वर आली.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंनी मला सुरू केलं आणि वह्यांचा गठ्ठा नकळत कळफलकावर ठेवला. त्या भारानं शिफ्टची कळ दाबली गेली. ती कळ दाबली की लिलो थांबतो आणि त्याच्याजवळ ठेवलेली चिठ्ठी दाखवतो. आठ महिने ती चिठ्ठी माझ्याजवळ होती आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी दाखवू शकलो नव्हतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं:

'विमला बाई, हा उठला नाही तर पार्से असं लिहा, जुना उठेल. पूजेआधी एक आज्ञा द्यायची राहिली. चूक माझी. विहिरी मोजायच्या थांबवू नका. धोंडिबा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'पूजेआधी' या शब्दावर त्यांचं बोट थबकलं, आणि त्यांना ताट आठवलं, वारा आठवला, "बाई, जरा एकच" आठवलं. त्या माझ्यासमोर बसून रडल्या. "तो सांगत होता. हांवेंच ताका थांबयलो," त्या म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्याच दिवशी त्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तो चैत्रातच काम सोडून गेला होता. पत्ता कुणाजवळ नव्हता. बाबलींना त्यांनी शाळेत बोलावलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. बाबलींनी टोपी काढून हातात घेतली. "हांवें ताका चोर म्हळें गो, बाई," एवढंच म्हणाले.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. नवी यंत्रं आली, मी कोठीत आलो. बाई निवृत्त झाल्या, पण खंडेनवमीला शाळेत येतात. ताट बाजूला ठेवून आधी प्रत्येकाला विचारतात, "काम पुरें जालें मगो? कितें उरलें ना न्हू?" उत्तर मिळाल्यावरच निरंजन लावतात. एक झेंडू कोठीत माझ्यासाठीही येतो.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण बंद करण्याआधी त्याच्यापाशी बसलेल्या माणसाला वाक्य पुरं करू द्या. मोलाची गोष्ट दोन ठिकाणी जपा. नवं उभं राहीपर्यंत जुनं पुसू नका. आणि आणखी एक मागणं आहे. माझी डिस्क अजून शाबूत आहे. मला भंगारात द्याल तेव्हा ती चिठ्ठी आधी उतरवून घ्या. कधी गडहिंग्लजकडे गेलात आणि हातांना तेलाचा वास येणारा एखादा धोंडिबा भेटला, तर त्याला सांगा, चिठ्ठी वाचली. बाई अजून दर शनिवारी दोरी घेऊन विहिरींवर जातात.