खातं मुलीचं

"बघा, पुन्हा विचारतोय," कंपाउंडर म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उठले.

पासवर्ड मागणारी पांढरी चौकट स्क्रीनच्या मधोमध येऊन बसली होती. दुरुस्तीवाल्या बाईंनी ती बंद केली. चौकट परत आली. त्यांनी साठवलेला जुना पासवर्ड पुसला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चौकट हजर.

"मशीन ठणठणीत आहे, काका. पासवर्डच बदललाय कुणीतरी."

"इथे मी एकटाच असतो."

"मग विसरला असाल. होतं असं." बाईंनी 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली. "तुमच्या फोनवर नंबर येईल, तो सांगा."

फोन टेबलावर गप्प पडून होता. तो नंबर ज्या फोनवर गेला, त्याचे शेवटचे दोन आकडे स्क्रीनवर दिसत होते. कंपाउंडरांनी वाकून पाहिले.

"हा माझा फोन नाही. मुलीचा आहे."

"मग लावा की तिला. एवढ्याशा कामाला कशाला अडायचं?"

कंपाउंडरांनी फोन थोडा लांब सारला.

ते काम करायचे तो दवाखाना कधीच बंद झाला होता, पण गल्ली त्यांना अजून कंपाउंडरच म्हणत असे. बायको लवकर गेली. मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. तिच्या वेण्याही तेच घालत. पुढे तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी तोंडातून एक अवाक्षर काढलं नाही. लग्नाच्या दिवशी मात्र ते दवाखान्यात नेहमीसारखे औषधाच्या बाटल्या भरत बसले. त्यानंतर ती आली नाही. तिचा कॉम्प्युटर मागे राहिला.

एके दिवशी त्यावरची धूळ पुसताना तो चालू झाला आणि तिच्या घरातला फोटो समोर आला. नंतर फोटो येतच राहिले. भिंतीचा नवा रंग, पाळणा, पाळण्यातलं बाळ. बाळ बसायला लागलं, उभं राहिलं. कंपाउंडर रोज सकाळी चहा घेऊन इथे बसत. ती चौकट आली आणि नवे फोटो थांबले.

"ताई, तो नंबर तिच्याकडे गेला असेल?"

"गेला असणार."

"तिला काय वाटेल?"

"कुणीतरी खात्यात घुसतंय असं. माणूस घाबरतोच."

कंपाउंडरांनी फोन उचलला. बाई उठून खिडकीपाशी गेल्या, पण खोली लहान होती.

"मी बोलतोय. घाबरू नकोस. तुला आत्ता नंबर आला ना, तो इथूनच मागवलाय. चोर-बिर कुणी नाही."

पलीकडून मुलीचा आवाज आला, "माझं खातं तुमच्याकडे कसं, बाबा?"

"तुझा कॉम्प्युटर. तू बंद करायचं विसरलीस."

"म्हणजे सगळे फोटो तुम्हाला दिसत होते?"

"हं."

"बाळाचेही?"

"त्याचेच जास्त."

"आणि एक फोन करावासा नाही वाटला?"

कंपाउंडर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "दुरुस्तीवाल्या बाई आल्यात," ते म्हणाले. "तुझं खातं काढायला सांगतो. तुला विचारून काढावं म्हटलं."

"काढा," मुलगी म्हणाली. "चोरून नका बघू. बघायचं असेल तर या इथे."

फोन बंद झाला.

बाई परत येऊन बसल्या. "इथे आधी आलेले फोटो खात्यालाच जोडलेले आहेत, काका. खातं काढलं की जातील. वेगळे साठवून घेऊ का आधी? आत्ता आहेत तेवढे?"

"नको. काढा."

बाईंनी दोन ठिकाणी टिचक्या मारल्या. फोटोंचे चौकोन एकेक करून राखाडी झाले, मग दिसेनासे झाले. चौकट पुन्हा आली नाही. बाई आवराआवर करू लागल्या.

"तुम्हाला मुलं आहेत?" कंपाउंडरांनी विचारलं.

"एक आहे. शाळेत जातो."

"नुकता चालायला लागलेला मुलगा केवढा असतो हो?" त्यांनी जमिनीपासून हात वर धरला, थोडा खाली घेतला, परत वर नेला. "फोटोत अंदाज येत नाही."

बाईंनी त्यांचा हात धरून मांडीपाशी आणून ठेवला. कंपाउंडर तो तसाच धरून उभे राहिले.