लाखो वर्षांपूर्वीची गुरू

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मला दगड घडवायला जिनं शिकवलं ती बाई मरून लाखो वर्षं झाली होती. सुनेला मी हेच सांगत होते.

आमच्या कोन्सो मुलखात कातडं खरवडायचा दगड बायकाच घडवतात. माझी सून कपितो सकाळपासून तीन दगड वाया घालवून बसली होती. चौथाही फुकट गेला तर उद्यापासून बाटलीच्या काचेनं खरवडीन, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. आमच्या घरात काच.

मग मी सुरू केलं. मीही नवी नवरी असताना अशीच धांदरट होते, सासू मला माहेरी धाडायला निघालेली. रडत ओघळीत उतरले, तर मातीतून एक दगडी कुऱ्हाड उघडी पडलेली. बिनदांड्याची, दोन्ही अंगांनी तासलेली, पुढे टोकदार. भोवती तिच्याच कपच्या, पडल्या तिथंच. शेजारी ती बाई बसली होती तिथं गुडघ्यांचे दोन खळगे.

कपितोनं मान वर केली. मी गोष्टीतले खळगे आणखी थोडे खोल केले.

त्या खळग्यांत बसून मी शेवटची कपची आधी, मग तिच्या आधीची, अशा सगळ्या परत बसवत गेले, तो अख्खा धोंडा तयार. मग तोच खेळ उलटा. कुठला घाव कुठं, हात किती तिरपा, सगळं कळत गेलं. संध्याकाळी माझा दगड बघून सासूनं माहेरी धाडायचं नाव टाकलं.

"डावखुरी होती ती," मी म्हणाले. "आणि तिसऱ्या घावाला अंगठा ठेचला तिचा."

"हे दगडावर दिसतं?"

"बघणारीला दिसतं."

पुरावा म्हणून मी कणगीमागून कुऱ्हाड काढली, शेवटची कपचीही. जागेवर बसवून दाखवली. केसाएवढी फट राहिली नाही. कपितोनं हातोडा खाली ठेवला, दोन्ही उन्हात नेल्या, जुळणाऱ्या कडेला थुंकी लावून अंगठा फिरवला. मी निवांत ज्वारीच्या बिअरचा घोट घेतला.

"सासूबाई," ती म्हणाली, "कुऱ्हाड वरून सगळी तपकिरी, जुनी. पण कपची बसते तिथं दोन्हीकडे पांढरी, सोललेल्या रताळ्यासारखी. ही आज सकाळी फोडलीय. आणि घाव उजव्या हाताचा आहे, म्हणजे तुमचा. आता खोटं पुरे, तो चौथा दगड द्या इकडे."